पलंगाखालचं पिल्लू

पुंजाजी लेकीच्या गावाहून, कामरगावच्या जीपमधून उतरले तेव्हा तनुजा विहिरीजवळ पालक धूत होती. सासऱ्यांच्या हातात कापडी पिशवी होती आणि ती त्यांनी पोटाशी दोन्ही हातांनी धरली होती. रस्त्यावरून घरापर्यंतच्या पायवाटेवर ते इतके हळू चालत होते की तिला वाटलं, त्यांचा गुडघा दुखतोय. जवळ आल्यावर पिशवी हलली.

"काय आनलं, मामाजी?"

"मांजराचं पिल्लू हाय. संगीताच्या दुकानात मांजर व्याली. त्यातलं एक आनलं म्या."

"कायले?"

"कोठ्यात उंदरं लय झाले. बियाच्या शेंगा फोडून राह्यले."

उंदीर कोठ्यात नेहमीच होते. तनुजाने पालकाची जुडी पाण्यातून काढली, झटकली आणि टोपल्यात ठेवली.

"मामाजी, मी आता कोनाचं करनार नाई," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "माह्याच्यानं आता कोनाचं हागनं-मुतनं होत नाई."

पिशवीतून बारीक, खरखरीत आवाज आला.

"तुले कोन सांगतलं करायले," ते म्हणाले. "मी करतो. तू हात नको लावू."

आवडाबाईंची तेरवी होऊन फार दिवस झाले नव्हते. मांडवाच्या दोन बल्ल्या अजून अंगणात भिंतीला टेकून होत्या. आवडाबाईंना लकवा मारला तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं, उन्हाळा काही निघायचा नाही. त्या काही वर्षं जगल्या. उजवं अंग गेलेलं, वाचा गेलेली. कारंजाच्या बाहेर, मळ्यातल्या त्या विटांच्या घरात रस्त्याकडची खोली त्यांची झाली. गजेंद्र, म्हणजे तनुजाचा नवरा, पहाटे भाजी घेऊन बाजारात जायचा, मग वावरात. मुलगी अमरावतीला शिकायला. राहिली तनुजा. तिने सासूला भरवलं, पुसलं, कुशी बदलल्या, पाठीवरच्या जखमा भरून आणल्या, पुन्हा झाल्या, पुन्हा भरून आणल्या. पुंजाजी बाहेर लिंबाखालच्या ओट्यावर बसायचे. त्या खोलीच्या उंबऱ्याच्या आत ते कधी गेले नाहीत. त्यांना ते जमत नाही, असं सगळे म्हणायचे आणि कोणी त्यांना दोष देत नसे.

आवडाबाई गेल्या त्या सकाळी तनुजा त्यांचं अंग पुसत होती. मधेच तिला कळलं. तिने पुसायचं राहिलेलं पूर्ण केलं, धुतलेलं लुगडं अंगावर नीट घातलं आणि मग गजेंद्रला हाक मारली. बाया आल्या, रडल्या. तनुजा त्यांना पाणी देत फिरली. तेरवीच्या दिवशी ताटांची चळत घेऊन ती स्वयंपाकघरात शिरत होती तेव्हा नणंद संगीता कोणाला तरी सांगत होती, "माय गेली, पन वयनीच्या डोयातून टिपूस नाई. सुटली म्हनत असन मनात."

तनुजा दाराशी थांबली होती. ते खरं आहे का, असं तिने स्वतःला विचारून पाहिलं. सुटल्यासारखं वाटत नव्हतं. तसं काहीच वाटत नव्हतं. तिने ताटं खाली ठेवली आणि वाढायला घेतलं.

तेव्हापासून ते तसंच होतं. ती जेवायची, पण चव विचारली असती तर सांगता आलं नसतं. भाजीत मीठ दोनदा पडायचं. एकदा तव्याची कड बोटाला लागली आणि चटका बसलाय हे तिला वास आल्यावर कळलं. दुपारी कधी कधी हात आपोआप मुगाचं पाणी करायला डबा उघडायचे. ती डबा बंद करून ठेवून द्यायची. रस्त्याकडच्या खोलीत ती पुन्हा गेली नव्हती. दार ओढलेलंच होतं.

पुंजाजींनी पिल्लू नेमकं त्याच खोलीत नेलं. घरात दार लागणारी मोकळी खोली ती एकच होती.

पिल्लू काळं-पांढरं, कबरं होतं. कान अंगापेक्षा मोठे. पिशवी उघडल्याबरोबर ते लोखंडी पलंगाखाली गेलं आणि भिंतीच्या कोपऱ्यात अंग चोरून बसलं. दवाखान्यात असतो तसा तो पलंग होता, डोक्याकडून वर होणारा, गजेंद्रने जुनाच कुठून तरी आणलेला. त्याच्याखाली अंधार आणि एक जुना पाट. पुंजाजी जमिनीवर बसले. "ये बाप्पा, ये," असं म्हणत त्यांनी हात आत घातला. हाताला तीन ओरखडे घेऊन तो बाहेर काढला. मग बशीत म्हशीचं दूध आणून ठेवलं आणि दार ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ते स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले.

"बाई, त्याले हगवन लागली वाटते."

तनुजा भाकरी थापत होती. "दूध बंद करा."

"मंग काय देऊ?"

"मले काय इच्यारता?"

ते उभेच राहिले. तव्यावरची भाकरी उलटून झाल्यावर ती म्हणाली, "पयले पानी ठिवा. अन जनावराच्या दवाखान्यात दाखवा."

पाणी घ्यायला ते माठाकडे गेले. थोड्या वेळाने अंगणातून जाताना तनुजाला खोलीचं दार उघडं दिसलं. पुंजाजी गुडघ्यावर बसून फडक्याने जमीन पुसत होते. या माणसाने जन्मात स्वतःचा गडवा विसळला नव्हता. फडकं ते मधून बाहेर असं फिरवत होते आणि घाण पसरत चालली होती. ती उंबऱ्याबाहेर थांबली.

"तसं नाई, मामाजी. कडेकडून मधात पुसत आना. अन फडकं घडी करून पलटवा."

त्यांनी मागे न पाहता तसं केलं. जमलं. तनुजा वावरात निघून गेली.

दवाखान्यात गजेंद्रच्या गाडीवर मागे बसून ते पिल्लाला पिशवीत घालून घेऊन गेले. परत आले ते शाळेतल्या पोरासारखे सगळं पाठ करून. तनुजा पाठमोरी वांगी चिरत होती, तिच्या पाठीला त्यांनी सांगितलं.

"डॉक्टरीणबाई म्हने, दूध द्याचंच नाई, पचत नाई त्याले. अंड्यातला पिवळा भाग द्या म्हने, भातात कालवून. घमेल्यात रेती भरून ठिवा, आपल्या मनानं जाते तिच्यात. एकच खोली द्या म्हने आंधी, घर दाखवू नका सारं. अन पलंगाखालून ओढून काढाचं नाई. मी काल ओढलं नं, ते चुकलं."

"बरं."

"अजून एक म्हने. जुन्या घरचा कपडा आना एखादा. मायच्या वासाचा. वासानं झोप लागते त्याले."

तनुजाचा विळीवरचा हात जरा थांबला, पुन्हा चालू झाला. "ताईले फोन करा मंग."

घरात अंडं शिजत नसे. पुंजाजींनी लिंबाखाली तीन विटा मांडल्या, काटक्या पेटवल्या आणि डब्याच्या झाकणात पाणी घेऊन अंडं उकडलं. ते फुटलं. दुसरं उकडलं. सोललेल्या अंड्यातला पिवळा भाग काढून त्यांनी भातात कालवला तेव्हा त्यांची बोटं पिवळी झाली होती आणि ते ती धोतराला न पुसता तशीच धरून खोलीत गेले. गजेंद्र हे पाहून हसला. तनुजाकडे पाहिल्यावर त्याचं हसू थांबलं. "बुडा मांजरापायी येडा झाला," एवढंच बोलून तो मोटर चालू करायला गेला.

संगीता रविवारी आली. फोनवर बापाने पोत्याचा तुकडा मागितला होता, ज्यावर तिची मांजर पिल्लांना घेऊन झोपते तो. तो कोणाबरोबर पाठवता आला असता, पण ती स्वतः आली. आईच्या खोलीचं दार उघडं दिसलं म्हणून सरळ तिकडेच गेली.

पुंजाजी घमेल्याजवळ बसून कागदाने रेतीतली घाण उचलत होते.

तनुजाने स्वयंपाकघरात चहा ठेवला होता. मधली भिंत विटांची, वर पत्र्याशी उघडी. सगळं ऐकू येत असे.

"बाबा," संगीता म्हणाली आणि थांबली. मग म्हणाली, "मायसाठी कदी गिलासभर पानी नाई नेलं तुमी अठी. अन मांजराचं गू काढून राह्यले."

"हाव. नाई नेलं."

"काहून?"

घमेलं बाजूला सरकवल्याचा आवाज आला.

"भेव लागे मले," पुंजाजी म्हणाले. "तिचं तोंड वाकडं झालतं. ती मले पाहे. काई सांगाचं राहे तिले, अन मले समजे नाई. मी भाईर बसो अन आयको. तुही वयनी बोले तिच्यासंगं, आता इकडं फिरा, आता तोंड उघडा, ते आयको. मले वाटे, चाललं हाय नं बरं. चालू द्या."

"मले कदी सांगतलं नाई तुमी."

"काय सांगू?" कागद चुरगळल्याचा आवाज आला. "पन तेरवीच्या दिवशी तू जे बोलली, ते म्या आयकलं. ते तू बोलाले नोको होतं. जिनं केलं तिचेच डोये पाहत होती तू."

चहा उतू गेला. तनुजाने गॅस बंद केला आणि फडक्याने शेगडी पुसली. कोणीतरी तिच्या बाजूने बोललं होतं. घरात आल्यापासून सासरे तिच्यासाठी इतकं कधी बोलले नव्हते. यावर आपल्याला काहीतरी वाटलं पाहिजे, हे तिला कळत होतं. तिने वाट पाहिली. मग उरलेला चहा कपांत ओतला आणि घेऊन गेली. खोलीच्या उंबऱ्यावर ट्रे ठेवला, आत गेली नाही.

संगीताने अर्धा कप पिऊन ठेवला. तिचे डोळे लाल होते. तिने कोणाकडे पाहिलं नाही आणि जेवायलाही थांबली नाही. निघताना अंगणात तनुजाच्या हातात पोत्याचा तुकडा देत म्हणाली, "खोक्यात टाकजो त्याच्या."

तनुजाने तो तुकडा पुंजाजींकडे दिला. त्याला तेलाचा, साखरेचा आणि मांजराचा असा मिसळलेला वास होता. पुंजाजींनी बिस्किटाचं खोकं आडवं करून त्यात तो घातला आणि खोकं पलंगाखाली सरकवलं. संध्याकाळी त्यांनी येऊन सांगितलं, पिल्लू खोक्यात झोपलंय. भातही खाल्ला.

"बरं झालं," तनुजा म्हणाली.

त्यानंतर ते रोज काहीतरी सांगायला यायचे. आज रेतीतच गेलं. आज मी बसलो होतो तर पलंगाच्या पायापर्यंत आलं. आज माझा अंगठा हुंगला. ती ऐकून घ्यायची. कधी एखादा शब्द बोलायची, बहुतेक वेळा तोही नाही. त्यांना चालायचं.

पलंग धनजच्या रामकिसनला द्यायचं गजेंद्रने कधीच कबूल केलं होतं. रामकिसन त्याच्या बाजारातल्या ओळखीचा. त्याच्या बापालाही लकवा मारला होता, तो अकोल्याच्या दवाखान्यात होता. एका दुपारी रामकिसन छोटा टेम्पो घेऊन आला. बायकोही बरोबर होती, निता नावाची, तरुण, अंगावर स्वेटर, बांगड्या मागे सारलेल्या.

पुंजाजी पलंगावर जाऊन बसले.

"आठ-पंधरा दिसानं या," ते म्हणाले. "आता नाई नेता येत. पिल्लू हाय खाली."

रामकिसनला आधी कळलं नाही. कळल्यावर त्याने गजेंद्रकडे पाहिलं. "काका, माहा बाप उद्या घरी येऊन राह्यला. त्याले काय जमिनीवर टाकू?"

"बाबा, उठा," गजेंद्र म्हणाला.

"आताच कुठी त्याले जागा समजली. तू उचलशीन त पयन ते."

"बाबा, लोकं हासतीन. मांजर हाय ते."

पुंजाजी उठले नाहीत. दोन्ही हात गादीवर टेकून, जमिनीकडे पाहत बसून राहिले. आवाज ऐकून तनुजा वावरातून आली होती आणि हात पदराला पुसत अंगणात उभी होती. निता तिच्याजवळ आली.

"ताई, हा पलंग कसा चालते जी? डोक्याकून वर होते म्हनतात. मले दाखवा नं जरा. उद्यापासून मलेच पाहाव लागते."

तनुजाने तिच्याकडे पाहिलं. मग चप्पल काढली आणि उंबरा ओलांडला.

खोलीला फिनेलचा वास होता. खिडकी उघडी होती. दुसरं काही बदललं नव्हतं. ती पलंगाच्या पायथ्याशी खाली बसली आणि हँडल धरलं.

"हा अर्ध्यावर अडकते. जोर नको लावू. थोडा मागं घ्याचा, मंग पुढं. असा." पलंगाचा वरचा भाग पुंजाजींच्या शेजारी करकरत वर आला. "भरवताना इतका वर. जेवल्यावर लगेच खाली नाई कराचा, घशात जाते."

"कुशीवर किती येळा कराव लागते?"

"घड्याय पाहू नको. आंग लाल दिसाच्या आंधी. टाचा पाह्यजो, कोपरं पाह्यजो, माकडहाड पाह्यजो. चादरीले एक वळी नाई पाह्यजे. ओली झाली का तवाच बदल, मंग बदलतो म्हनू नको." तिचा आवाज एका पट्टीत चालला होता, जणू कोणी दुसरंच बोलत होतं आणि ती ऐकत होती. "अन हात लावाच्या आंधी सांगजो त्याईले. आता इकडं करतो, आता पानी लागन, असं. समजत नाई वाटते, पन समजते. सांगतलं नाई त भेतात. आंग कडक करतात."

निता पलंगाच्या दांड्याला धरून उभी होती. तिचा चेहरा उतरला होता.

"ताई, तुमी कवा झोपे मंग?"

तनुजाने हँडल उलटं फिरवून पलंग खाली घेतला.

"नवऱ्याले करू देजो," ती म्हणाली. "त्याचा बाप हाय. मले येत नाई म्हनन तो. सारे म्हनतीन, मानसाले नाई जमत. पन जमते. माह्या सासऱ्याले जमून राह्यलं आता."

दारात रामकिसन होता, त्याच्या मागे गजेंद्र. पुंजाजी गादीवर. तनुजाने हे कोणाला ऐकवायला म्हटलं नव्हतं आणि म्हणून झाल्यावर तिला ना बरं वाटलं, ना वाईट. गजेंद्र भिंतीकडे पाहत होता. त्याने नाक ओढलं आणि टेम्पोचा फाळका उघडायला बाहेर गेला.

पुंजाजी पलंगावरून उठले.

"खोकं तठीच राहू द्या," तनुजा म्हणाली. "पलंग ओढू नका. चौघं चार कोपऱ्याले धरा अन वरून उचला."

तिने दोरीवरची चादर ओढून घेतली, गुडघ्यावर बसून पलंगाखाली वाकली. खोक्याच्या तोंडात दोन डोळे दिसले. तिने चादर खोक्यावर अशी पसरली की समोरचं तोंड झाकलं जाईल पण हवा जाईल. हे करताना तिचे हात घाईत नव्हते. "आता पलंग उचलून राह्यले," ती हळू म्हणाली. आपण कोणाला सांगतोय हे तिच्या लक्षात आलं तेव्हा ते बोलून झालं होतं.

चौघांनी पलंग उचलला. गजेंद्र आणि रामकिसन एका बाजूला, निता आणि पुंजाजी दुसऱ्या. तो खोक्याच्या वरून निघाला, दारात अडला, तिरका केल्यावर सुटला. तेवढ्यात एक पाय चौकटीवर आदळला. चादरीखालून कबरं काहीतरी निघालं, चौघांच्या पायांमधून गेलं आणि मधल्या दाराने स्वयंपाकघरात दिसेनासं झालं.

"गेलं," पुंजाजी म्हणाले. पलंगाचं टोक हातात असल्यामुळे त्यांना मागे वळता येत नव्हतं. "गेलं ते, बाई."

"घरातच हाय. मी दार लावतो मांगचं. तुमी पलंग न्या."

टेम्पो गेल्यावर खोलीत जमिनीवर चार गोल डाग उरले. तनुजाने झाडून घेतलं. हवेच्या गादीचा पंप कोपऱ्यात राहून गेला होता, तो उद्या नेऊन देतो, असं गजेंद्र म्हणाला. तिने खोकं आणि रेतीचं घमेलं उचलून स्वयंपाकघरात नेलं. पिल्लू गव्हाच्या पत्र्याच्या कोठीमागे होतं. कोठी आणि भिंत यांच्यामधली जागा हाताएवढी. तिने खोकं कोठीजवळ ठेवलं, पाण्याची वाटी ठेवली आणि आपल्या कामाला बसली. उद्याच्या बाजाराची मेथी बांधायची होती.

पुंजाजी उंबऱ्यापाशी उभे होते. स्वयंपाकघरात ते जेवायलाही बसत नसत, ताट बाहेर जायचं.

"मी येऊ का आत?"

"या नं."

ते भिंतीला टेकून बसले. बराच वेळ तसेच. तनुजा मेथीची मूठ करायची, मुळं ठोकून सारखी करायची, सुतळी गुंडाळायची. गजेंद्र एकदा डोकावला, बापाला तिथे बसलेलं पाहून त्याने काही विचारलं नाही. दोन कोऱ्या चहाचे कप त्याने स्वतः करून आणले. साखर जास्त झाली होती.

पिल्लू आधी कोठीच्या कडेला दिसलं, मग अख्खं बाहेर आलं. मेथीच्या ढिगापाशी जाऊन त्याने पानं हुंगली, शिंकलं. पुंजाजींनी श्वास रोखून धरला होता. त्यांच्याजवळून ते गेलं, थांबलं नाही. तनुजाच्या पसरलेल्या पायावरून चढून जाताना मधेच उभं राहिलं. हलकं होतं, उबदार होतं. तनुजाने पायाकडे पाहिलं. पिल्लू दोघांकडे पाठ करून बसलं आणि एक पंजा चाटू लागलं. तिला सुतळी तोडायला कोयता घ्यायचा होता, तो दूर होता. तिने सुतळी दातांनी तोडली.

"बसलं," पुंजाजी कुजबुजले.

"हं."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पिल्लू कोठीमागे गेलं. संगीता होती. पुंजाजी "हाव, हाव" करत राहिले, पलंग नेला म्हणाले, पिल्लू स्वयंपाकघरात आलं म्हणाले. मग त्यांनी फोन तनुजापुढे धरला. "तुले देजा म्हनते."

तिने ओले हात झटकून तो घेतला.

"वयनी, पोत्यावर झोपते का ते?"

"झोपते."

पलीकडे दुकानातला आवाज येत होता, कोणी साबण मागत होतं. संगीता बाजूला गेली असावी, आवाज कमी झाला.

"मी त्या दिशी जे बोललो नं…"

"मी आयकलं होतं, ताई. दारातच होतो मी."

"मले बाबानं सांगतलं तवा समजलं. तुले लय वाईट वाटलं असन."

काय म्हटलं तर बरं दिसेल, हे तनुजाला माहीत होतं.

"नाई वाटलं," ती म्हणाली. "खोटं कायले सांगू? मले काईच वाटून नाई राह्यलं, ताई. तुमच्या बोलन्याचंबी नाई अन आत्याबाई गेल्या त्याचंबी नाई. सकाय होते, दुपार होते. मी मानूस हावो का नाई, तेबी समजत नाई कदी कदी."

पलीकडे संगीता रडायला लागली. आधी हळू, मग जोरात. तनुजाने फोन कानाशी धरून ठेवला. पुंजाजी तिच्याकडे पाहत होते. आवडाबाईंना खोकल्याची उबळ आली की ती अशीच पाठीवर हात ठेवून थांबायची, उबळ संपेपर्यंत.

"रडा तुमी," ती म्हणाली. "मी हावो फोनवर."

नाक शिंकरल्याचा आवाज आला. मग संगीता म्हणाली, "तू रिठदले कवा गेली होती? मायेरी?"

"राहाले? आठोत नाई."

"जाऊन ये. मी येतो तिकडं, दुकान ते पाहातीन. बाबाचं अन गजूचं मी पाहतो. महिनाभर राह्य पाह्यजे त. झोप नुसती."

"भाजीचे दिवस हायेत, ताई."

"भाजी होत राहाते. जाय तू."

"पाहतो," तनुजा म्हणाली. फोन ठेवला आणि पुंजाजींना परत दिला.

"काय म्हने?"

"रिठदले जाय म्हनतात."

"जाय मंग." त्यांनी कोठीकडे मान केली. "ह्याचं मी करतो. तसंबी तू कुठी करतं."

हे त्यांनी सरळपणे म्हटलं होतं, टोमणा नव्हता. तनुजाच्या तोंडाचा एक कोपरा जरासा हलला. तिने पुढची मूठ घेतली. पुंजाजींनीही ढिगातून थोडी मेथी उचलली आणि बांधायला लागले. त्यांची जुडी सैल झाली, मधून पानं निसटली. त्यांनी ती सोडून पुन्हा बांधली.

गजेंद्र कप न्यायला आला तेव्हा अंधार पडायला लागला होता. जावंसं वाटतं की नाही, हे तनुजाला अजून कळत नव्हतं. तिने त्याला विचारलं, रिठदवरून जाणारी रिसोडची गाडी सकाळी किती वाजता असते.

"कोनाले जाचं हाय?" तो म्हणाला.

"मले," ती म्हणाली.